वास नसलेलं अंगण

बोईसर स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की आधी फलक अंगावर येतात. 'परवडणारी घरं' असं मोठ्या अक्षरांत, खाली एक गोरंगोमटं कुटुंब आणि त्यांच्या गॅलरीत फुलांच्या कुंड्या. कुणाला परवडणारी, ते लिहायला मात्र एवढ्या मोठ्या फलकावर जागा उरत नाही. तारापूरच्या कारखान्यात कामाला जाताना मी रोज त्या फलकाखालून जाते. त्या हसऱ्या कुटुंबाचा मला मनापासून तिटकारा आहे.

तरी आम्ही मायलेकी त्याच फलकावरच्या पत्त्यावर गेलो. हौस म्हणून नव्हे. वडील गेल्यावर शिरगावचं घर एकट्या काकाच्या नावावर झालं होतं आणि मुलाच्या लग्नाआधी त्याला आमच्या दोन खोल्या रिकाम्या हव्या होत्या. आम्ही कुठे जाणार, हे त्याने तोंडदेखलंसुद्धा विचारलं नाही. बेटेगावला एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढीच आमची झेप. आईच्या बांगड्या विकून ती नोंदवली. बाकीच्यासाठी कर्ज हवं होतं.

बँकेच्या साहेबाने माझी पगाराची पावती दोन बोटांत धरली, जणू ती ओली होती. मी ठेकेदाराकडे कामाला. दर वर्षी ठेकेदार बदलतो. मी त्याच प्रयोगशाळेत त्याच नळ्या धुते, पण बँकेच्या लेखी मी दर वर्षी नव्याने नोकरीला लागते. आई लग्नाआधीपासून अंगणात बोंबील सुकवून पालघरच्या बाजारात विकते, तर तिच्याकडे पावतीच नाही. सरकारी अनुदानाच्या खिडकीवर सांगितलं, आधी कर्ज मंजूर करून आणा. घर नसलेल्यांसाठीच्या या योजना कुणी घर असलेल्यानेच बसून लिहिल्या असणार.

शेवटी बिल्डरच्या विक्रीवाल्याने एक कर्ज कंपनी सुचवली. व्याज जास्त, पण कागद कमी. "त्यांचा माणूस घरी येऊन धंदा डोळ्यांनी बघतो, मॅडम," तो म्हणाला. हे मला पटलं. डोळे तरी कुठल्या ठेकेदाराचे नसतात.

कंपनीचा माणूस आला त्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी घरी आले तर अंगण ओळखू येईना. बांबूंमधल्या दोऱ्यांवर एकही बोंबील नव्हता. टोपल्या, जवळ्याच्या गोण्या, सगळं शेजारणींनी डोक्यावर घेऊन गल्लीच्या पार टोकाला नेऊन ठेवलं होतं. अंगण शेणाने सारवून वर रांगोळी. उदबत्तीचा वास अजून येत होता. आई लग्नकार्याची साडी नेसून बसली होती, खूष.

"सायब आलता. पोहे खाल्ले, दोनदा चा घेतला," ती म्हणाली. "नाकाला रुमाल पन नाय लावला."

"आणि बोंबील?"

"पावना येनार, त्याला वासात बसवू?"

आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे अंगणातली मासळी हलवायची, ही रीतच आहे. सोयरीक बघायला येणाऱ्यांसाठी हलवतात, मास्तरांसाठी हलवतात. तिने साहेबाला त्याच मानाने वागवलं. साहेबाने पोहे संपवले, रांगोळीचा फोटो काढला आणि 'जागेवर व्यवसाय आढळला नाही' असं कळवून टाकलं. आईने त्याला सांगितलं होतं, धंदा इथेच चालतो. समोर रिकाम्या दोऱ्या ताणलेल्या होत्या. त्या कपडे वाळवायच्या असतील, असं त्याला वाटलं असावं. समुद्रकाठच्या माणसांना कर्ज देणाऱ्या कंपनीने हा शहाणा निवडून पाठवला होता.

मी विक्रीवाल्याला गाठलं. त्याने तोडगा काढला, आईला एका कपड्याच्या दुकानात नोकरीला दाखवू, पावती तो बनवून देईल. वर म्हणाला, सगळेच करतात. म्हणजे खरा धंदा धुतलेल्या अंगणामुळे खोटा ठरला आणि खोटी नोकरी कागदावर खरी ठरणार होती. या लोकांची मला किळस आली. तरी मी आईला विचारलं, कारण काकाने आमच्या खोल्यांच्या भिंती रंगवायला माणूस आणला होता.

"मी कोनाची नोकर नाय," आई म्हणाली. "त्याला परत बोलव. या टायमाला पोहे नाय."

तो परत आला. आईने खुर्ची बरोबर दोऱ्यांच्या मधोमध ठेवली, वर बोंबील, खाली जवळा, बाजूला माश्या. चहासुद्धा विचारला नाही. साहेब रुमाल नाकाला लावून बसला आणि माल न्यायला दारात आलेल्या तिच्या गिऱ्हाइकांशी बोलला. कर्ज मंजूर झालं. आयुष्यभर जो वास ती पाहुण्यांपासून लपवत आली, त्यावरच.

चावी घ्यायला आम्ही बेटेगावला गेलो. आई पहिल्यांदा गॅलरीत गेली, कठडा हाताने दाबून बघितला, ऊन कुठून येतं ते बघितलं आणि दोरी कुठे बांधायची ते बोटाने मला दाखवलं. मागून विक्रीवाला हसत आला.

"मावशी, इथे मासे सुकवायचे नाहीत हं. गॅलरीत नाही, गच्चीवर नाही. सोसायटीचा नियम आहे. चांगली फॅमिली राहते इथे."

आईने बोट खाली घेतलं. चावी कनवटीला खोचली.

"सायबाने बोंबील बघून कर्ज दिलंय," ती त्याला शांतपणे म्हणाली. "मंग हप्ता काय बघून भरू?"

त्याचा फोन वाजला नव्हता, तरी कानाला लावून तो जिना उतरला. आई आता रोज पहाटे बेटेगावहून शिरगावला जाते आणि काकाच्या अंगणात बोंबील घालते. अंगणाचं भाडं काका महिन्याच्या सुरुवातीलाच मागतो.