हनम्याचा कोड काढताना

गोरखचं कॉलेज सुटलं, पन हनम्या सुटला न्हाई. हनम्या म्हंजी हनुमंत, पाथर्डीकडच्या ऊसतोड्याचं पोरगं, त्याचा जिवाचा दोस्त. दोघांनी मिळून एक फुकटातलं काम अंगावर घेतलं हुतं. प्रोग्रॅम चालताना मेमरीत ज्या वस्तू कोनालाच लागत न्हाईत, त्या हुडकून जागा मोकळी करनारा गार्बेज कलेक्टर. तो नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालता करायचा.

साफसफाईच्या आधी समदे थ्रेड, म्हंजी प्रोग्रॅमात एका टायमाला राबनारे गडी, थांबवावे लागत्यात. न्हाईतर एखाद्याच्या हातातली वस्तूच कचरा म्हनून जायची. हे थांबवायचं हनम्यानं लिहिलं. हेका एकच: एक जरी गडी 'थांबलो' म्हनला न्हाई, तर साफसफाई सुरूच करायची न्हाई.

"बारका हुतो तवा उसाच्या पाचटात झोपलो, आन टोळीचा ट्रॅक्टर मला सोडून गेल्ता," तो सांगायचा. "आय बोंबलत माघारी पळाली. माझ्या कोडात कोनी मागं ऱ्हानार न्हाई, गोरख्या."

गेल्या गाळपाच्या हंगामात हनम्या काविळीनं उसाच्या फडावरच वारला.

त्याची आय लंकाबाई दिसंल तितं गोरखला अडवायची. "हनम्याचं चालू झालं का रं?"

"होतंय, काकू. त्याचं जसंच्या तसं चालवून दाखवतो. शब्द हाय."

पन चालंना. नव्या सिस्टीमवर झोपलेला थ्रेड हाकेला ओ देतच न्हवता. हनम्याचा कोड वाट बघत उभा. मेमरी भरायची, मशीन गप्प व्हायचं.

ह्याच कामात असलेल्या निकिताचा पुन्यावरनं फोन आला. "गोरख, हनुमंतानं लिहिलेला तो भाग काढावा लागेल."

"हात लावला तर माझ्यासारखा वाईट न्हाई, ताई."

"ऐक तर! झोपायला जाणाऱ्या थ्रेडनं आपल्याकडं काय काय आहे ते आधीच सांगून जायचं. त्याच्या वस्तू राखायच्या, पण त्याच्यासाठी थांबायचं नाही."

गोरखनं फोन कट केला. मग कितीतरी दिस त्यानं हनम्याच्या ओळींना ठिगळं लावली. एकबी टिकलं न्हाई. निकिताचं खरं हुतं. हनम्या असता तर आधी शिव्या हासडल्या असत्या, मग सवताच काढून टाकलं असतं. पन आता काढनारा गोरखच हुता. त्यानं त्या ओळी काढल्या, नव्या लिहिल्या. चाचन्या पास झाल्या. निकिता फोनवर वरडली, "चाललं रे!" गोरखनं फोन ठेवला आन लंकाबाईच्या घराकडं निघाला.

लंकाबाई फडावर जायला भांडी पोत्यात भरत हुती. गोरख दारातच उभा ऱ्हायला.

"चाललं, काकू. पन त्यानं लिहिलेलं मी काढलं. दिलेला शब्द मोडला."

"का काढलं?"

"ते लई वाट बघायचं. जो उठत न्हाई, त्याची."

भाकरीचा तवा हातात धरून लंकाबाई थांबली.

"मंग वाट बघू द्यायची हुती की रं," ती म्हनली.