साळवेबाईंची बिनकुलपाची खोली

साळवेबाईंच्या घरात नाव नसलेली वस्तू सापडणं कठीण होतं. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेणं आपल्याकडे सर्रास आहे, पण बाई तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. छत्रीच्या दांड्यावर, पाटाच्या खाली, खवणीच्या पाठीवर आणि अॅल्युमिनियमच्या शिडीच्या सातही पायऱ्यांवर लाल ऑइलपेंटने 'सु. भ. साळवे' असं लिहिलेलं होतं. "सातही पायऱ्यांवर कशाला, बाई?" असं मी एकदा विचारलं, तर गंभीरपणे म्हणाल्या, "कुणी तोडून नेली तर?"

डोंबिवली पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग होती. बाई तिसऱ्या मजल्यावर राहत, आम्ही बरोबर त्यांच्या खाली. कल्याणच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्या सगळ्यांच्या 'बाई'च राहिल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा ठाण्याला बाळकुममध्ये आणि मुलगी स्नेहल जर्मनीत.

बाईंचा नियम एकच. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. त्या कंजूष होत्या असं मात्र नाही. एका होळीला आमचं पुरणयंत्र मोडलं म्हणून आईने मला त्यांच्याकडे पाठवलं. बाई सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच म्हणाल्या, "यंत्र आहे, पण मिळणार नाही. पुरण वर घेऊन ये, मी वाटून देते." आणि खरंच दिलं. पुढे दर होळीला अख्ख्या बिल्डिंगचं पुरण तिसऱ्या मजल्यावर जायचं. बाई घामाघूम होऊन यंत्र फिरवायच्या, हात भरून यायचे, पण यंत्र उंबऱ्याबाहेर पडलं नाही ते नाहीच. आम्ही मागून हसायचो. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

स्नेहलच्या बाळंतपणाला बाई तीन महिन्यांसाठी लाइपझिगला गेल्या. आठवडाभरातच मला व्हिडिओ कॉल आला. बाईंचा चेहरा उतरलेला.

"अगं, पोरीच्या घरात काहीच तिचं नाही!"

"म्हणजे काय, बाई?"

"कपडे धुवायचं मशीन तळघरात, सगळ्या बिल्डिंगला मिळून. आपला वार आला की धुवायचं. गाडी रस्त्यावर उभी असते, ही दोघं फोनने उघडतात, काम झालं की सोडून देतात. मग दुसराच कुणी घेऊन जातो. बाळाचा पाळणासुद्धा आणलेला आहे. वस्तूंचं ग्रंथालय म्हणे! मी जावयाला विचारलं, एवढा पगार आहे, मग घेत का नाही? तर म्हणतो, आई, सहा महिन्यांनी बाळ पाळण्यात मावणार नाही, मग तो कुठे ठेवू?"

"खरंच आहे की. आपल्याकडेही बाळाला पहिलं झबलं दुसऱ्याचं जुनंच घालतात."

"झबलं वेगळं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवून दिला.

त्यानंतरचा कॉल महिन्याभराने आला आणि त्यात बाई काहीशा गप्पगप्पच होत्या. काय झालं ते त्यांनी परत आल्यावर, आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं.

पडद्याच्या दांड्या बसवायच्या होत्या, म्हणून ड्रिल आणायला त्या स्नेहलबरोबर त्या वस्तूंच्या ग्रंथालयात गेल्या. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ होते. स्नेहल त्यांच्याशी जर्मनमध्ये दोन मिनिटं बोलली. गृहस्थांनी ड्रिल काढलं, टोक कसं बसवायचं ते दाखवलं आणि हसून बाईंच्याच हातात दिलं. बाहेर आल्यावर बाईंनी लेकीला विचारलं, "ते काय विचारत होते तुला?"

"काही नाही गं. भिंत विटांची आहे का काँक्रीटची, एवढंच."

"कशाला हवंय, कधी परत देणार, मागच्या वेळी खराब केलंत, असलं काही नाही?"

"आई, ते त्यांचं थोडंच आहे? सगळ्यांचं आहे. आपलंसुद्धा."

बाई तिथेच रस्त्यावरच्या बाकावर बसल्या. मांडीवर ड्रिल. "मला रडूच आलं गं," त्या मला म्हणाल्या. "स्नेहलला वाटलं, मला भारताची आठवण आली. आठवण आलीच होती, पण ती चाळीची."

कल्याणच्या चाळीत बाईंचं बालपण गेलं. थोरल्या बहिणीच्या लग्नाला मोठं पातेलं हवं होतं, म्हणून नऊ वर्षांच्या बाईंना घेऊन त्यांची आई शेजारच्या गल्लीत एका घरी गेली. तासभर दाराबाहेर उभं केलं. कशाला हवंय, किती माणसं, स्वच्छ कराल ना, असे सगळे प्रश्न झाले. पातेलं मिळालं. लग्नानंतर मायलेकींनी ते चिंचेने घासून लख्ख केलं आणि परत नेलं. त्या घरच्या मालकिणीने ते हातात घेतलं नाही. अंगणात ठेवायला लावलं आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं, मग उचललं. बाईंचं माहेर बौद्ध. कुणी काही बोललं नाही, कुणाला बोलायची गरजही पडली नाही.

"पहिल्या पगारात मी पातेलं घेतलं," बाई म्हणाल्या. "घरात माणसं तीन आणि पातेलं पन्नास जणांचं! हे म्हणाले, यात आपण राहायला जायचंय का? मी म्हटलं, असू दे. आणि नाव घालून आणलं. तेव्हाच ठरवलं, कुणाचं आणायचं नाही आणि आपलं देऊन कुणाला ते परत आणायलाही लावायचं नाही."

बाई चहाचा घोट घेऊन हसल्या. "तिकडच्या लोकांनी सगळं घेऊन बघितलं, आता ते वस्तू सोडतायत. आपण आत्ता कुठे जमवायला लागलोय. ते जिना उतरतायत, आपण चढतोय, माझी त्यांची गाठ मध्येच पडली. पण एक गोष्ट मला तिथे कळली. लाज घेण्यात नसते, मागण्यात असते. मागावंच लागलं नाही, तर माणूस ताठ मानेने घेतो आणि ताठ मानेने परत ठेवतो."

पुढच्या सोसायटीच्या मीटिंगला बाईंनी गेटजवळची वॉचमनची जुनी, रिकामी खोली मागितली. सेक्रेटरी बापटकाका उसळलेच. "बाई, हे युरोप नाही, डोंबिवली आहे! इथे लोक वाटी परत देत नाहीत. मी आत्ताच बोलून ठेवतो, आठ दिवसांत खोली साफ होईल."

"मग आठ दिवसांसाठी द्या," बाई म्हणाल्या.

खोलीला कुलूप नव्हतं आणि दाराशी बसणारंही कुणी नव्हतं. भिंतीवर खिळे ठोकून प्रत्येक वस्तूला एक जागा दिलेली. वस्तू न्यायची आणि रिकाम्या खिळ्यावर आपल्या घराच्या नंबरची पट्टी अडकवायची, बस्स. पहिल्याच दिवशी बाईंनी स्वतःची शिडी, यजमानांचं ड्रिल, पुरणयंत्र आणि ते मोठं पातेलं खाली आणून ठेवलं. बापटकाकांनी टोमणा मारला, "सगळ्यांचं आहे ना? मग नावं खोडा की." बाई शांतपणे म्हणाल्या, "कुणाचं होतं ते कळलेलं बरं असतं, बापट. कुणाचं आहे ते नाही कळलं तरी चालेल."

पहिले पंधरा दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही. मग चौथ्या मजल्यावरच्या सुनेने केळवणाला पातेलं नेलं. त्यानंतर दारावर 'कुणी विचारणार नाही' असं खडूने लिहिलेलं दिसलं, अक्षर बाईंचं. हळूहळू लोक आपापल्या माळ्यावरचं काढून आणायला लागले. कुणी इडलीचा मोठा कुकर, कुणी प्रवासाची बॅग, कुणी आजोबा गेल्यावर अडगळीत पडलेली व्हीलचेअर. एकदा शिडी गायब झाली. खिळ्यावर पट्टीही नाही. बापटकाका दोन दिवस शीळ घालत फिरत होते. तिसऱ्या दिवशी ती समोरच्या बिल्डिंगमध्ये सापडली, तिथले लोक तिच्यावर चढून कंदील लावत होते. आम्ही चिडलो. बाई खूश. म्हणाल्या, "चला, दोन बिल्डिंगची झाली."

मग बापटकाकांची आई बाथरूममध्ये घसरली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठवड्याने घरी आणलं. त्या दुपारी मी वर बाईंच्या गॅलरीत पापड वाळत घालायला गेले होते. सगळी बिल्डिंग वामकुक्षीत. खाली बापटकाका आले, दोन्हीकडे बघितलं आणि त्या खोलीत शिरले. व्हीलचेअर बाहेर ढकलताना तिचं चाक करकरलं. मी हाक मारणार, तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरून मला आत ओढलं.

"अहो बाई, मदत करू या ना त्यांना!"

"गप्प बस. आपण दिसलो तर त्यांना आपल्याला काहीतरी सांगावं लागेल."

आम्ही दोघी पापडाच्या पिठाचे हात घेऊन दाराआड उभ्या राहिलो, चाकांचा आवाज लिफ्टपर्यंत जाईतो. बापटकाकांनी याबद्दल कधी कुणाला अक्षर सांगितलं नाही. पण तीन महिन्यांनी व्हीलचेअर परत आली, तेव्हा चाकांना तेल घातलेलं होतं. पावसाळ्याआधी त्या खोलीच्या गळक्या छताचं काम सोसायटीच्या यादीत सगळ्यात वर आलं, तेही कुणी न मागता.

गेल्या वर्षी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. कुणी ठाकुर्लीला, कुणी कल्याणला. बाई मुलाकडे बाळकुमला गेल्या. जाताना बरोबर कपड्यांची एक बॅग आणि नातवंडांचे फोटो. बाकीचं सगळं वाटेल त्याने वाटेल ते नेलं. टेम्पोत बसताना बाईंनी माझ्या गालाला हात लावला. "रडू नकोस गं. मी बाळकुमला चाललेय, जर्मनीला नाही." आणि स्वतःच पदराने डोळे टिपले.

मध्यंतरी एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. पंचवीस मजल्यांचा टॉवर, गेटवर तीन वेळा फोन नंबर लिहून घेतला. बाई कंटाळल्या असतील, कुणाशी बोलत नसतील, अशी माझी समजूत. वॉचमन म्हणाला, "साळवे मॅडम? वर नाही जायचं, क्लबहाऊसमध्ये बघा."

क्लबहाऊसच्या कोपऱ्यात एक शिलाई मशीन होतं. कुणाच्या तरी घरात न उघडता पडलेलं, बाईंनी खाली आणायला लावलेलं. भोवती तीन बायका, कुणाच्या हातात ब्लाउज, कुणाच्या हातात पडदा. एकमेकींची नावं आत्ता कुठे माहीत झालेली असावीत, कारण तिघी एकमेकींना चुकीच्या नावाने हाका मारत होत्या आणि हसत होत्या. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आलीस? बस. तुझा नंबर चौथा."

"बाई, मला काही शिवायचं नाहीये. मी तुम्हाला भेटायला आलेय."

"मग इकडे ये आणि हिला सुई ओवून दे. माझी नजर आता पुरत नाही."

मी पर्स बाजूला ठेवली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि मशीनपुढे बसले.