रस्त्यात सापडलेल्या विंचुका

मोयेमोको गावात कुणाला विंचुका सापडली, की ती काड्यापेटीत घालून, दवाखान्यासाठी किडे गोळा करणाऱ्या एउलालियाबाईंकडे द्यायची. मातीच्या भिंतीच्या भेगांत दडणारा हा किडा रात्री माणसाचं रक्त पितो, आणि त्याच्या विष्ठेतून शिरलेला आजार वर्षानुवर्षं आतल्या आत काळीज पोखरतो. पेटीवर ज्याचं नाव, त्याच्या घरी फवारणीवाला येणार. पण विंचुका निघाली म्हणजे घरधनीण गलिच्छ, असा गावाचा न्याय. त्यामुळे दोन वर्षांत आलेल्या एकोणीसच्या एकोणीस विंचुका म्हणे रस्त्यात सापडल्या होत्या.

"रस्त्यावर जत्रा भरते वाटतं त्यांची!" बाई करवादायच्या. जिभेच्या तिखट, आणि आपल्या टापटिपीचा भारी तोरा. त्यांच्या चुलीवरच्या पातेल्यात तोंड बघून घ्यावं.

सोमवारी शेजारीण बासिलिया पेटी घेऊन आली. सोबत तिची नात नायेली. बाई या पोरीच्या धर्ममाता, म्हणून बासिलिया त्यांना 'कोमाद्रे' म्हणायची. पोरीचा एक डोळा टम्म सुजला होता.

"कुठं सापडली?"

"रस्त्यात, कोमाद्रे."

"आणि डोळा? तोही रस्त्यातच सुजला?"

"गांधीलमाशी चावली असेल."

"अगं, खोटं बोलायचं तर निदान रेटून तरी बोल! असा डोळा विंचुकेनंच सुजतो. लहान आहे तोवर औषध दिलं तर पोर पार बरी होईल. उद्याच्या गाडीनं दवाखान्यात ने."

"म्हणजे गावभर बोंब व्हायला!" डोळ्यांत पाणी आणून बासिलिया निघून गेली.

रात्री बाई ती पेटी पुढ्यात घेऊन बसल्या. जबरदस्तीनं तिचं नाव लिहावं तर ती फवारणीवाल्याला दारच उघडणार नाही. शेवटी त्यांनी पेटीवर स्वतःचंच नाव लिहिलं. सगळ्यात स्वच्छ घरात किडा निघाला म्हटल्यावर बाकीच्यांना कसली लाज?

गुरुवारी पाठीवर पंप घेऊन फवारणीवाला तेओफिलो आला. घरातलं सगळं अंगणात मांडावं लागलं: चुन्योची, म्हणजे सुकवलेल्या बटाट्यांची पोती, मेंढ्यांची कातडी, ठिगळांची पांघरुणं, पिंजऱ्यात चीं-चीं करणारे गिनीपिग. कुंपणाबाहेर अख्खा गाव जमला.

"बघा पोटभर, तिकीट नाही!" बाई म्हणाल्या.

तेओफिलोनं भिंती, छप्पर, पलंगाची मागची बाजू औषधानं भिजवली आणि सगळ्यांना दाराबाहेर थांबवलं. अर्ध्या तासात छपराच्या बोरूतून एक विंचुका टपकन पडली. मग दुसरी. मग पलंगामागच्या भेगेतून रांगच लागली.

बाई मटकन खाली बसल्या. लग्न होऊन आल्यापासून, चव्वेचाळीस वर्षं, त्या याच पलंगावर झोपत होत्या. परवा विहिरीवरून येताना दोनदा टेकावं लागलं होतं. वयच झालं, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

कुंपणाबाहेर कुणी हसलं नाही. बासिलिया अंगणात आली आणि बाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

"तेओफिलो," ती म्हणाली, "इथलं आटपलं की माझ्याकडे ये. सोमवारची ती विंचुका माझ्याच घरातली होती. पोरीच्या गादीतली." मग बाईंकडे वळून हळूच, "उद्याची गाडी कितीची, कोमाद्रे?"

"सहाची," बाई म्हणाल्या. "माझीही जागा धर. माझंही रक्त तपासायचंय."