दस्त्यावरचे चार दात

आमच्या दुकानातले किस्से जुन्या बंदुकांसारखेच आहेत. एक पुसून ठेवला की त्याच्या मागून दुसरा निघतो!

कमानिया गेटजवळ वसंतकाकांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. तिथल्या बंदुका सगळ्या मुक्या, फक्त शोभेच्या, कागदपत्रांसकट. मी त्या पुसते, आणि अक्षर बरं आहे म्हणून त्यांची कार्डं लिहिते. शिक्षण सातवी. गोहलपुरचे रहीमचाचा बंदुका पारखतात. काकांचा भाचा पंकज कंप्यूटरवर लिलावाची माहिती टाकतो. आणि कोपऱ्यात चटईवर माझी चौदा महिन्यांची पिहू. नवरा रिछाईच्या कारखान्यात, घरी दुसरं कोणी नाही. "दुकानाचं नुकसान होत नाही तोवर खुशाल आण," एवढीच काकांची अट.

*

दुकान उघडलं की मी आधी एकेका नळीत लोखंडी गज घालून बघते. आत काही राहिलं असलं तर? लेकरू खेळते ना इथे! काका रोज सांगतात, सगळ्या तपासल्या आहेत. मी रोज ऐकते, आणि रोज गज घालते.

एक दिवस चाचा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बेटी, थर्मामीटर निकाल ले. किसी को बुखार नहीं है!"

*

एकदा काकांनी लिलावातून एक पिस्तूल घेतलं. माहितीत लिहिलं होतं, 'राजघराण्यातलं, दोनशे वर्षं जुनं, अस्सल.' डबा उघडला तेव्हा काकांनी नमस्कार करायचाच बाकी ठेवला होता!

चाचांनी चष्मा पुसला आणि एका स्क्रूवर बोट ठेवलं. स्क्रूच्या डोक्यावर प्लसची खाच!

"वसंतभाई, राजा साहब के पास प्लस का पेचकस था."

अजूनही पेचकस म्हटलं की काकांना ठसका लागतो.

*

मग एक लांब बंदूक आली. 'लढाईत वापरलेली. लाकूड वयाने काळवंडलेलं.' मी ओला फडका फिरवला, तर फडका तांबडा! नाकाला लावला.

"काका, हा तर चहा आहे!"

पंकज हसला. "तुला काय कळते ताई?"

"अरे, दिवसातून तीनदा करते. अद्रक पण आहे यात."

चाचा म्हणाले, "मतलब लड़ाई से पहले नाश्ता हुआ था!"

सगळे हसलो, काका नाही. त्या दिवशी त्यांनी पंकजला बजावलं, "आपल्या दुकानातून असं एक अक्षर जाता कामा नये."

*

पिहूला दात येऊन राहिले होते. मी कार्ड लिहिण्यात गुंतली, आणि वळून बघते तर पोरगी भिंतीला टेकवलेल्या बंदुकीचा दस्ता चावून राहिली! तेल, पॉलिश, काय काय पोटात गेलं असेल बाप्पा! तशीच उचलली आणि रिक्षा करून डॉक्टरकडे.

"काय चघळलं?"

"बंदूक."

डॉक्टरांचा पेन थांबला.

"कोणत्या बाजूने?"

पिहूला काही झालं नाही. दस्त्याच्या जुन्या पॉलिशवर मात्र चार खुणा राहिल्या, दोन वर, दोन खाली. मी कोणाला बोलली नाही. काकांची अट आठवत होती. पिहू बंद म्हणजे मीही बंद.

*

पुढच्याच आठवड्यात ती बंदूक लिलावात लावायची ठरली. पंकज उत्साहात सांगू लागला, "लिही ताई, 'शिकारीची अस्सल बंदूक. दस्त्यावर बिबट्याच्या दातांच्या खुणा.'"

माझा हात चालेना.

"काहून थांबली?" काकांनी विचारलं.

"काका, बिबट्या नाही तो. आपली पिहू आहे."

काकांनी बंदूक आडवी मांडीवर घेतली आणि पिहूला समोर बसवलं. "तोंड उघड बरं बाळा." चाचांनी भिंग धरलं. एकदा खुणा बघितल्या, एकदा दात, परत खुणा.

"असली है," चाचा म्हणाले.

काका माझ्याकडे बघेनात. मी पिहूचे कपडे, दुधाची बाटली पिशवीत भरू लागली.

"पिशवी ठेव खाली," काका म्हणाले. "कार्ड लिही. बंदूक जुनी. खुणा नव्या. चार दात, वय चौदा महिने."

"मामा, अशी कोण घेईल?" पंकज कळवळला.

घेतली! एका रिटायर मास्तरांनी. बंदूक पोचल्यावर त्यांचा फोन आला. "बंदुकीचं सर्टिफिकेट मिळालं. दातांचं कुठे आहे? तेही पाठवा, सहीसकट."

मी चांगल्या कागदावर सुवाच्य लिहिलं, 'चार दात, पिहूचे.' खाली सहीची जागा सोडली. तिचा अंगठा घ्यावा म्हणून शाईचं पॅड आणायला उठली, तेवढ्यात पिहूने कागद ओढला आणि कोपरा कचकन चावला!

मी धावली, पण चाचांनी कागद आधीच उचलला होता. भिंगातून बघत बसले. मग पाकिटात घालायच्या आधी माझ्यापुढे धरला.

"बेटी, चार काट दे. अब छह हैं."