गरम सुई

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही – माझ्या बहिणीला, इंदूलाही नाही. आणि केलं ते तर तिच्या नावाने.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी गोंडपिपरीकडच्या खेड्यांतून देवीची लस टोचत फिरायचो. त्याआधी, मूल होत नाही म्हणून इंदूच्या नवऱ्याने, माधवने, तिला माहेरी आणून टाकलं आणि दुसरी केली. दुसरीला मुलगी झाली, शेवंता. मी डूख धरून होतो. एका उन्हाळ्यात माझ्या फेरीत त्यांचं गाव आलं. तुम्ही काय केलं असतं? जाऊ द्या – मी काय केलं ते ऐका.

सुई दिव्यावर धरायची, गार होऊ द्यायची, मग दंडावरच्या लशीच्या थेंबातून ओरखडायचं. गरम सुईने लस मरते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. शेवंताच्या वेळी मी सुई गार होऊ दिली नाही. चूक नव्हे – सूड. पोर रडली. पोरं रडतातच.

फार पुढे पुतणीच्या कॉलेजच्या पुस्तकात वाचलं. लशीतला जिवंत विषाणू एकटा वाढत नाही. जिवंत पेशीत शिरतो, तिथलाच कच्चा माल, तिथलीच यंत्रणा वापरून आपल्या डीएनएच्या प्रती काढतो. पाहुण्याने यजमानाच्याच दाण्यांवर, त्याच्याच चुलीवर रांधावं तसं. त्या रांधण्यातूनच अंग देवीला ओळखायला शिकतं. शेवंताचं अंग चूल पेटवून बसलं होतं – मी मेलेला पाहुणा धाडला. आणि माझा सूड? तो इंदूच्या दुःखावर पोसला होता. तिने कधी मागितला नव्हता.

आठव्या दिवशी माधवच्या बायकोने पोरीचा दंड दाखवला. चटक्याचा फोड होता. लस छान उठली, असं मी सांगितलं. ती हसली.

पुढच्या वर्षी गावात देवी आली. शेवंता गेली. ऐकलं तेव्हा – खोटं कशाला बोलू – मला बरं वाटलं. माधवचं तोंड पाहायला मी मुद्दाम गेलो. तो घरी नव्हता. त्याची बायको ओसरीवर बसली होती.

"भाऊ, तुमी त टोचलंच होतं," ती म्हणाली. "माह्याच हातून काई चुकलं असन."

तुझं काही चुकलं नाही – एवढंही मी बोललो नाही. तिने दिलेलं पाणी प्यालो आणि पुढच्या गावी टोचायला गेलो.