पुढच्या ब्रेकचे वैरी

मालेगावात माझी गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री पुढच्या ब्रेकचे वैरी आहेत. कोणाचीही मोटारसायकल दुकानात आली, की ते आधी तिचा पुढचा ब्रेक ढिला करतात. त्याचे पैसे घेत नाहीत. ती समाजसेवा आहे. "पुढचा ब्रेक दाबला का मानूस उलटते," हे ते अध्यक्षीय भाषणाच्या थाटात सांगतात.

माझी जुनी डर्ट बाइक जऊळक्याच्या उतारावर थांबता थांबेना, म्हणून मी नेमका तोच ब्रेक कडक करून मागितला.

"काहून जिवावर उठले भाऊ?" ते म्हणाले. काम मात्र मन लावून केलं. घासलेले पॅड बदलले, काळं पडलेलं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, नळीतली हवा काढली. मी किल्ली मागितली, तर त्यांनी ती मुठीत धरली.

"पयले मी पाह्यतो. तुमी पडले तं दुकानाचं नाव जाते. मी पडलो तं माह्ये दातच पडतीन."

चष्मा आणि मोबाइल माझ्या हाती सोपवून ते निघाले. थोडं पुढे गेले, तोच एक बकरी आडवी आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी बकरीपासून हातभर अंतरावर सरळ उभी होती, आणि मिस्त्री सीटवरच.

घामाघूम होऊन, पण हसत परतले. दुकानातल्या बाकावर बसलेल्या एका गिऱ्हाइकावर खेकसले, "तुह्या गाडीचा पुढचा ब्रेक ढिला काहून बे? मराचं हाय का?"

"तुमीच तं केला ना ढिला!"

"मंग आन इकडं. चुकीचं काम मले कोनाचंच चालत नाही."