निरवांगीची तुर्की घोडी

देवी टोचण्याच्या कामावर माझी नेमणूक इंदापूर तालुक्यात झाली, तेव्हा मला घोड्यावर बसता येत नव्हतं. हे मी साहेबांना सांगितलं नाही. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाचा घोड्याशी संबंध टांग्यापुरता. पण नीरेपासून भीमेपर्यंतच्या त्या मुलखात गावं लांब लांब, सडक नावालाच, आणि लशीच्या काचेच्या नळ्या ऊन चढायच्या आत पोचवायच्या. आधीचा टोचणारा बदलून जाताना आपलं तट्टू माझ्या गळ्यात मारून गेला होता. एकोणीसशे तीस सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं.

त्या तट्टाने मला पहिल्याच आठवड्यात निरवांगीच्या वेशीवर पाडलं. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाया आधी घाबरल्या, आणि मी उठून बसलो असं बघून पोटभर हसल्या. मी घाईघाईने पेटी उघडली. एक नळी सोडून सगळ्यांचा चुरा झाला होता.

"लागलं का, डाक्तर?"

काठी टेकत एक उंच म्हातारा माझ्याकडे येत होता. पांढऱ्या कल्लेदार मिशा, अंगात विटलेला खाकी कोट, एक गुडघा ताठ.

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. "नुसता टोचणारा आहे."

"आमास्नी समदे डाक्तरच. उठा. घोडं माणसाला पाडत न्हाय, माणूस सोता पडतो."

रिसाल्यात नोकरी करून पेन्शनीत आलेल्या या गृहस्थांना गाव दफेदार म्हणे. मी पुढे त्यांना आबा म्हणू लागलो. त्या दिवशी त्यांनी मला हळद-चुना लावायला घरी नेलं, आणि अंगणातल्या लिंबाखाली मी ती घोडी पहिल्यांदा पाहिली.

मला वाटलं, जनावर आजारी आहे. पोट खपाटीला गेलेलं, मान लांब आणि सरळ वर निघालेली, पाय काठीसारखे, आयाळ जवळजवळ नाहीच. कातडी इतकी पातळ की तिच्याखालच्या शिरा मोजता याव्यात. पुढच्या उजव्या खांद्यावर चार गोल डाग दिलेले. इतक्यात फांदी हलली, तिच्या पाठीवर ऊन पडलं, आणि ती पाठ घासूनपुसून ठेवलेल्या पितळी घागरीसारखी लखलखली. मी हळदीचा हात तसाच धरून बघत राहिलो.

"बघा, बघा," आतून आबांच्या कारभारणीचा आवाज आला. "ह्या हाडकुळीपायी खिलारी जोडी दिली ह्यांनी. चांगली वयात आलेली बैलं! लोकं अजून इचारत्यात, दफेदार, कुत्री आणली का घोडी?"

मी निघालो तेव्हा आबा म्हणाले, "उद्या सकाळी या. तट्टू हितंच ऱ्हाऊ द्या."

त्या घोडीची हकिकत मला पुढच्या दिवसांत तुकड्यातुकड्यांनी कळली. उत्तरेकडून घोडे घेऊन येणारे काबुली सौदागर आदल्या वर्षी इंदापूरच्या बाजाराला उतरले होते. त्यांच्या तांड्यात ही लंगडणारी घोडी होती. लंगडणं जावं म्हणून त्यांनीच तापल्या लोखंडाने तिच्या खांद्यावर डाग दिले होते, आणि ते जात नाही म्हणून तिला वाटेत कुठेतरी टाकून देण्याच्या विचारात होते. बाजारात तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आबांनी मात्र ती तुर्कमान मुलखातली तुर्की घोडी आहे हे लांबून ओळखलं.

"जर्मनाच्या लढाईच्या शेवटाला आमचा रिसाला इराण वलांडून पार पल्याड गेला हुता," ते सांगत. "तुर्कमान लोकांचा मुलूख. नुसती रेती. पाण्याचा ठिपूस न्हाय. आमची दांडगी घोडी तितं चार दिसात माना टाकाया लागली. आन ही असली, हडकलेली दिसणारी, दिसभर चालून पुन्ना ताजी. दोन दिस पानी न्हाय मिळालं तरी तक्रार न्हाय."

एका तुर्कमान म्हाताऱ्याच्या तंबूशेजारी आबांची तुकडी महिनाभर तळ देऊन होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघेही घोड्याची माणसं. सकाळी उठल्यावर माणसाने आधी बापाला रामराम करायचा आणि त्यानंतर लगेच आपल्या घोड्याला, अशी तिकडची रीत. घोडं कळपात सोडायचं नाही, तंबूच्या दाराशी बांधायचं. चारा थोडा द्यायचा, पण सातूच्या पिठात मेंढीची चरबी मळून त्याचे गोळे भरवायचे. उन्हात आणि थंडीत अंगावर नमद्याच्या, म्हणजे थापलेल्या जाड लोकरीच्या, झुली घालायच्या, एकावर एक. अशा घोड्याला एकच धनी. दुसरा कुणी पाठीवर बसला तर ते चालेल, पण मनापासून चालणार नाही.

"तो म्हातारा मला त्याच्या घोड्याला हात लावू देईना," आबा हसत. "निघायच्या दिशी मातर त्यानं माझा हात धरून घोड्याच्या मानेवर ठिवला. तवाच ठरवलं, असलं एक जनावर आपल्या दारात पायजे."

निरवांगीत नमदे कुठून येणार? आबांनी दोन घोंगडी शिवून झूल केली. चरबी शेजारच्या मेंढपाळांकडून आणत. ती घरात आणायची सोय नव्हती, म्हणून गोळे गोठ्यामागे मळत, आणि हात राखेने घासल्याशिवाय कारभारीण त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसे. कालव्याच्या पाण्यावर भाजी करायच्या वाफ्यांपैकी दोन त्यांनी घोडीच्या लसूणघासाला दिले, यावरूनही वाद झाला. पण आठ महिन्यांत घोडीचं लंगडणं थांबलं. तोवर आबांचा स्वतःचा गुडघा कायमचा धरला होता. घोडी होती, तिच्यावर बसायला माणूस नव्हता.

"तुमी बसायचं," त्यांनी मला सांगितलं.

"मी?"

"तुमास्नी काय बी येत न्हाय. त्ये बेस. चुकीचं शिकलेला माणूस हिला चालायचा न्हाय."

मी निरवांगीच्या चावडीतच मुक्काम टाकला. पण पहिले पंधरा दिवस आबांनी मला खोगिराला हात लावू दिला नाही. पहाटे उठून दाण्याची चंदी द्यायची, खराऱ्याने अंग घासायचं, पाणी दाखवायचं आणि तिच्याजवळ नुसतं उभं राहायचं. पहिल्या दिवशी तिने कान मागे टाकले आणि माझ्या सदऱ्याची बाही फाडली. पाचव्या दिवशी दुर्लक्ष केलं. नवव्या की दहाव्या दिवशी मी तिच्या तोंडाची दाण्याची पिशवी, तोबरा, काढत असताना तिने मान लांब करून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि मोठा श्वास सोडला. मी हललो नाही. उभ्या आयुष्यात कुणी माझ्यावर इतका भरवसा टाकला नव्हता.

"आता बसा," मागून आबा म्हणाले.

मी बसलो. पडलोही, दोनदा. पण तिच्या चालीची सवय झाल्यावर कळलं की मी आजवर घोड्याला नव्हे, हिसक्यांना भीत होतो. ही उसळत नव्हतीच. पाण्यावरून होडी सरकावी तशी सरकायची. पेटीत नळ्या कापसात गुंडाळून मी निरवांगीहून निघत असे, आणि कळंबला पोचून पेटी उघडली की सगळ्या नळ्या शाबूत. दहा वाजायच्या आत मी दोन गावं उरकू लागलो. साहेबांनी इंदापूरहून विचारणा केली की आकडे खरे आहेत ना.

तरी एक वस्ती माझ्या हाती लागत नव्हती. कळंबच्या पलीकडे माळावर मेंढपाळांची पंधरावीस खोपटी होती. मी दिसलो की तिथल्या बाया पोरं उचलून ज्वारीत दडवत. देवीच्या कामात माणसाने सुई घातली तर देवी कोपते, असं त्यांचं ठाम मत. माझ्या आधीच्या माणसाने तिथे पोलीसपाटलाला घेऊन जबरदस्ती केली होती. तेव्हापासून तर पाण्यालाही कुणी विचारत नसे.

तुर्की घोडीवर बसून मी पहिल्यांदा तिथे गेलो, तो दिवस मार्गशीर्षातला. नेहमीप्रमाणे पळापळ झाली. पण थोड्या वेळाने ज्वारीतून एक डोकं वर आलं, मग दुसरं. एक तरणी बाई कडेवरचं मूल सावरत सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला तिने पाहिलंच नाही. ती घोडीला बघत होती.

"ही कुठली?"

"लांबची. तुर्की आहे."

"माझ्या बापाकडं तट्टांचा कळप हाय," ती म्हणाली. "पर असली चामडी म्या बघितली न्हाय. रेशीम हाय का काय!" ती घोडीभोवती फिरली, पाय पाहिले, खूर पाहिले, आणि खांद्यापाशी थांबली. बोटाने हवेतच मोजलं. "चार."

मुलांच्या दंडावरही मी चारच ठिकाणी टोचत असे. तिच्या डोळ्यांत काय आलं ते मला कळलं. मागे जमलेल्या बायांत कुजबुज सुरू झाली.

"हिला बी टोचलंय व्हय?" तिने विचारलं.

नुसतं हो म्हणायचं होतं. संबंध वस्ती त्या एका शब्दावर टोचून झाली असती, आणि त्यात कुणाचं वाईटही नव्हतं. माझ्या जिभेवर शब्द आलाही होता. पण त्याच क्षणी मला वाटलं की ही घोड्यामाणसांत वाढलेली बाई आहे. आज ना उद्या हिला डागणी आणि टोचणी यातला फरक कळेल, आणि मग या माळावर पुन्हा कुणी कुणाचं ऐकणार नाही.

"नाही," मी म्हणालो. "ती लंगडत होती म्हणून सौदागरांनी डागलं आहे. टोचणं वेगळं. जनावराला ही देवी येत नाही, माणसाला येते."

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मला ठावं हाय डाग कसा असतो," ती म्हणाली. "तू काय म्हंतूस त्ये बघत हुते."

मी पेटी खाली ठेवली.

"माझं थोरलं देवीनं नेलं," तिने कडेवरचं मूल खाली उतरवलं. "ह्याला टोच. ताप येतो म्हनत्यात. येतो का?"

"येतो. दोनतीन दिवस. फोड येतील, खपली धरेल. आठव्या दिवशी मी बघायला येईन."

"न्हाय आलास तर?"

"तर आबांची घोडी तुझी."

बाया खळखळून हसल्या. ती हसली नाही, पण मुलाचा दंड तिने स्वतः धरला.

त्या दिवशी फक्त चार मुलं टोचून झाली. आठव्या दिवशी मी सूर्य उगवायच्या सुमारास वस्तीवर हजर होतो. चौघांनाही फोड चांगले धरले होते, ताप उतरला होता, आणि त्या बाईच्या सांगण्यावरून एकेक आई ज्वारीच्या कडेला पोर घेऊन बसली होती. दुपारपर्यंत माझ्याजवळची लस संपली. पुढच्या पावसाळ्यानंतर नीरेकाठच्या काही गावांत देवीची साथ आली. त्या वस्तीवर एकही मूल गेलं नाही. त्या बातमीने मी चावडीत एकटाच रडलो, हे आज लिहायला हरकत नाही.

त्या बाईच्या बापाचा तट्टांचा कळप मी पुढे पाहिला. बुटकी, रुंद छातीची, खडकावरही पाय न घसरणारी भीमथडी तट्टं. मेंढपाळांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन वर्षभर हिंडणारी. आबा त्यांच्यातला एक घोडा निरखत बराच वेळ उभे राहिले.

"डाक्तर, ह्येच्या कानाकडं बघा. आन चामडीकडं. ह्यात तुर्की रगत हाय, लई जुनं."

मी नंतर जमेल तसं वाचलं, तेव्हा आबांचं बोलणं पोकळ नव्हतं हे समजलं. हजारो वर्षांमागे चीनच्या बादशहाने याच वाळवंटातल्या घोड्यांसाठी फौजा धाडल्या होत्या, कारण त्यांना घामाऐवजी रक्त सुटतं असं तिकडे मानत. इराणच्या राजांनी त्यांचे रिसाले केले. दख्खनच्या सुलतानांनी तुर्की आणि अरबी घोडे इकडे आणवले, मराठ्यांच्या काळात त्यांचा भीमा-नीरेकाठच्या तट्टांशी संकर झाला, आणि त्यातून निघालेली जात हिंदुस्थानभर दौडली. राज्य गेलं तशा पागा मोडल्या. घोडी राहिली ती चालत्या माणसांकडे, मेंढरांमागे.

आबांना ते रक्त पुन्हा ताजं करायचं होतं. चैत्रात त्यांनी घोडी त्या कळपात नेली. पुढच्या हंगामात तिचं पोट दिसू लागलं तसं त्यांनी मला तिच्यावरून उतरवलं, आणि मी पुन्हा जुन्या तट्टावर आलो. त्याने एकदाही पाडलं नाही. आबा म्हणाले ते खरं होतं, तट्टाचा दोष कधीच नव्हता.

फाल्गुनात एका सकाळी कारभारणीनेच चावडीत येऊन मला हाक मारली. "चला, तुमची बाळंत झाली!" शिंगरू उभं राहायची खटपट करत होतं. आईची मान, बापाची छाती, ओल्या अंगावर तोच पितळी रंग. कारभारीण सुपात बाजरी घेऊन उभी होती आणि मळलेल्या चरबीचा गोळा तिच्याच हातात होता. "बाळंतिणीला बळ नको का?" ती माझ्यावरच डाफरली.

ती मादी, म्हणजे शिंगी होती. आबांनी तिला वर्षभर वाढवलं. गावातल्या बड्या बागायतदारांनी टांग्यासाठी मागितली, बारामतीहूनही एकजण येऊन गेला. आबांनी सगळ्यांना नकार दिला आणि शिंगी त्या माळावरच्या बाईला दिली.

"रोज चालंल, चार घरची पोरं हिच्या पाठीवर वाढतील, हिची बी पोरं हुतील," ते म्हणाले. "पागंत बांधून जात टिकत न्हाय."

माझी बदली झाली त्या आठवड्यात वस्ती कोकणाच्या वाटेला लागत होती. मी आणि आबा कालव्याच्या पुलावर उभे होतो. आधी मेंढरं गेली, मग तट्टं. शिंगीच्या पाठीवर अजून ओझं लादलं नव्हतं. फक्त एक लहानगी पोर कोंबड्यांची डालगी धरून बसली होती. पुलाच्या फळ्या पायाखाली वाजल्या तशी शिंगी थबकली, कान पुढे केले, खालचं वाहतं पाणी बघितलं. त्या बाईने लगाम ओढला नाही, नुसती पुढे चालत राहिली. शिंगीने एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि पुढच्या तट्टांना गाठायला तिने आईचीच सरकती चाल धरली. डालगीतल्या कोंबड्या ओरडल्यासुद्धा नाहीत.